आधी उतार की आधी बर्फ?

हिवाळ्यात हिमालयात जाणारे मराठी लोक म्हणजे फक्त गिर्यारोहक, असं आता राहिलेलं नाही. डिसेंबरच्या सुट्टीत केदारकांठ्याच्या वाटेवर पुण्या-मुंबईचे गट एकमेकांना भेटतात. गुलमर्गला स्कीइंग शिकून आलेली मुलं-मुली पुढच्याच वर्षी तिथल्या गोंडोला रोपवेच्या वरच्या टप्प्यावरून बॅककंट्रीत, म्हणजे राखलेल्या आणि तपासलेल्या उतारांच्या पलीकडे, जायचे बेत करतात. बर्फ सगळ्यांना हवा असतो. तो कधी सुटतो आणि का सुटतो, याची चर्चा मात्र अपघाताची बातमी आली की होते आणि आठवड्याभरात विरते. मला हे फार खटकतं.

माझ्या ओळखीतल्या एका मामा-भाचीचा या विषयावर जुना वाद आहे. मामा उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत, म्हणजे ‘निम’मध्ये, शिकलेला, मोहिमांमध्ये मुरलेला. त्याचा भर बर्फ वाचण्यावर. भाची गुलमर्गला स्कीइंग शिकली, हिमस्खलनाचा अभ्यासक्रम करून आली, आणि येत्या फेब्रुवारीत तीन मैत्रिणींबरोबर गुलमर्गवरच्या अफरवट डोंगरावर जाणार आहे. तिचा भर उतारावर. दोघांना विचारून त्यांचं बोलणं इथे देतो आहे. माझं मन कुठे झुकतं हे वाचताना दिसेलच, ते लपवायचं मला कारण नाही.

मामा: तुझ्या बेताच्या कागदावर जिकडेतिकडे अंश लिहिलेत. बर्फाबद्दल एक ओळ नाही. चालणार बर्फावर, आणि बघणार फक्त उताराचा कोन?

भाची: कोन मोजता येतो, म्हणून. तीस अंशांच्या खाली बर्फाची लादी सहसा सुटत नाही. पंचेचाळीसच्या बराच वर गेलं की बर्फ फार साठतच नाही, थोडा थोडा घसरत राहतो. माणसं मारणारी बहुतेक हिमस्खलनं मधल्या पट्ट्यात सुटतात, अडतीसच्या आसपास सगळ्यात जास्त. आणि स्कीवरून उतरायला नेमका तोच उतार सगळ्यात मजेचा. घरी नकाशावर आणि तिथे फोनमधल्या क्लिनोमीटरवर हा आकडा मला मिळतो. बर्फाच्या पोटात काय आहे, त्याचा असा आकडा कुठे मिळतो?

मामा: खणल्यावर मिळतो. जायचंय त्याच दिशेचा, त्याच उंचीवरचा, पण सुरक्षित असा छोटा उतार शोधायचा आणि दीडेक मीटर खड्डा घ्यायचा. वरच्या अंगाची भिंत फावड्यानं सरळ तासायची आणि वरून खाली हात लावत यायचं. आधी हातमोज्यातली मूठ आत जाते का बघायचं. जात नसेल तर चार बोटं. मग एक बोट, मग पेन्सिल, मग सुरी. वरचा थर पेन्सिललाही दाद देत नाही आणि त्याच्याखाली मूठ सहज आत गेली, की खोट कुठे आहे ते कळलं. त्या थरातला बर्फ तळव्यावर घेतला तर त्याचा गोळा होत नाही. जाड्या साखरेसारखा बोटांतून सांडतो.

भाची: हे मला शिकवलंय. तो थर तयार कसा होतो, तेही.

मामा: मग सांग.

भाची: नोव्हेंबरात हातभर बर्फ पडतो आणि मग कित्येक दिवस आकाश मोकळं. बर्फाखाली जमिनीचं तापमान शून्याच्या आसपास, वर रात्रीची हवा उणे पंधरा. एवढ्याशा जाडीत एवढा फरक. त्यामुळे बर्फातली वाफ खालून वर सरकत राहते, एकमेकांना धरून बसलेले कण झिजतात आणि त्यांच्या जागी कोनेरी, सुटे दाणे तयार होतात. दर दहा सेंटिमीटरला एक अंशापेक्षा जास्त फरक असला की हे जोरात चालतं. बर्फ जितका पातळ तितका हा फरक जास्त, म्हणून कमी बर्फाचा हिवाळा फसवा. मग पश्चिमी विक्षोभ येतो, दोन-तीन दिवसांत मीटरभर बर्फ टाकून जातो. खाली सुटे दाणे, वर जड लादी. त्यावर माणूस गेला की निमित्त पुरतं.

मामा: 2024 चा जानेवारी आठव. गुलमर्ग उघडंबोडकं होतं. चिल्ला-इ-कलांचे चाळीस दिवस, काश्मीरातली ऐन थंडी, जवळजवळ कोरडी गेली. फेब्रुवारीत बर्फ आला, तो भरपूर आला, आणि 22 फेब्रुवारीला खिलनमर्गच्या बाजूला एक रशियन स्कीअर गेला. त्याचा गट स्थानिक वाटाड्या न घेता वर गेला होता, असं बातम्यांत होतं. तिथलाच माणूस बरोबर असता तर त्यानं सांगितलं असतं की कोरड्या जानेवारीनंतरच्या पहिल्या मोठ्या बर्फावर पाय ठेवू नका.

भाची: आणि त्याच्या आदल्या वर्षी? 1 फेब्रुवारी 2023, अफरवटवर हापतखुदला. दोन पोलिश स्कीअर गेले, बाकीच्यांना बाहेर काढलं. त्यांच्याबरोबर स्थानिक वाटाडे होते, मामा. वाटाड्या घ्यावाच, मीही घेणार आहे. पण तो बरोबर आहे म्हणून उताराचा कोन बदलत नाही.

वाटाड्याचा मुद्दा मला इथे सोडवत नाही. गोंडोलाच्या वरच्या टोकाला, सुमारे 3,950 मीटरवर, उभ्या असलेल्या काश्मिरी वाटाड्यावर दोन बाजूंनी दाब असतो. पैसे मोजून आलेल्या पाहुण्याला ताजा, अस्पर्श बर्फ हवा असतो, आणि हंगाम असतो जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. अशा वेळी तो ‘आज नको’ म्हणाला, तर ते ऐकून घेणारा आणि तरीही त्याला दिवसाचे पूर्ण पैसे देणारा पाहुणा हवा. गट ठरवताना हे आधीच बोलून घ्यावं, असं मी प्रत्येकाला सांगतो.

मामा: बरं, कोन मोजलास. पण आज हा उतार जायचा की नाही, हे कशावरून ठरवणार?

भाची: स्विस गाइड वेर्नर मुंटरनं एक सोपा नियम दिलाय. धोक्याची पातळी एक ते पाच. दोन असेल तर चाळीस अंशांच्या खाली राहा, तीन असेल तर पस्तीसच्या खाली, चार असेल तर तिसाच्या खाली. पाचला घरी बसा.

मामा: नियम चांगला आहे, पण तो आल्प्समधला. तिथे गावागावाच्या वर बर्फ मोजणारी केंद्रं आहेत, रोज संध्याकाळी खोऱ्यानिहाय पत्रक निघतं, कुठल्या दिशेच्या उतारावर किती उंचीच्या वर धोका आहे ते त्यात असतं. आपल्याकडे हिमस्खलनाचे इशारे देणारी डीआरडीओची चंदीगडची संस्था आहे, डीजीआरई. मनालीला 1969 मध्ये जे ‘सासे’ सुरू झालं, त्याचंच हे आताचं रूप. त्यांचं काम मोठं आहे, पण ते मुळात लष्करासाठी उभं राहिलं, रस्ते आणि चौक्यांसाठी. आपल्यापर्यंत पोचते ती एक ओळ: कुपवाडा, बांदीपोरा, बारामुल्ला, गांदरबल, अमुक उंचीच्या वर, पुढचे चोवीस तास. एका जिल्ह्यात उत्तरेकडचा सावलीतला उतार असतो आणि दक्षिणेकडचा उन्हातला असतो. वाऱ्यानं झाडून काढलेली धार असते, आणि तोच वारा बर्फ नेऊन भरतो ती घळही असते. तुझ्या नियमात कुठला आकडा घालणार?

भाची: ही अडचण खरी आहे.

मामा: म्हणून डोळे हवेत. वाऱ्यानं भरलेला उतार दिसतो. धारेवर बर्फाचा छज्जा कुठल्या बाजूला झुकलाय ते बघितलं की कुठे भर पडली ते कळतं. पायाखाली ‘धप्’ असा बसका आवाज आला, किंवा स्कीच्या टोकापासून चीर पळत गेली, तर डोंगर स्वतःच सांगतोय. शेजारच्या उतारावर कालचं हिमस्खलन दिसलं, तर त्याहून मोठं पत्रक कुणी काढू शकत नाही.

भाची: ही चिन्हं दिसली तर मी परत फिरेन, त्यात वाद नाही. माझा वाद चिन्हं दिसली नाहीत त्या दिवसाबद्दल आहे. तू खड्डा घेतोस, थर चांगले लागतात, खांब कापून फावड्यावर थापट्या मारतोस, दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून, आणि खांब तुटत नाही. मग तू वर जातोस. पण तोच कमकुवत थर पंधरा मीटरवर, खडकाजवळ जिथे बर्फ पातळ आहे तिथे, असू शकतो. लादी तिथून सुटेल आणि तुझ्या खड्ड्यासकट सगळं खाली येईल.

मामा: इतकी वर्षं याच रीतीनं गेलो आणि आलो.

भाची: आलास, म्हणून निर्णय बरोबर होता, असं कसं म्हणायचं? धोकादायक उतारसुद्धा बहुतेक वेळा सुटत नाही. दहा वेळा चुकीच्या दिवशी गेलास आणि दहाही वेळा काही झालं नाही, तर अकराव्यांदा तू जास्त विश्वासानं जाशील. डोंगर मधे कधी सांगत नाही की काल थोडक्यात वाचलास. हिमस्खलनाच्या अपघातांचा अभ्यासक इयान मॅकॅमन, त्यानं अमेरिकेतले 1972 ते 2003 मधले 715 अपघात तपासले होते. ओळखीच्या उतारावर प्रशिक्षित माणसं अनोळखी उतारापेक्षा जास्त धोका पत्करताना त्याला दिसली. शिवाय शिखर ठरवलं म्हणून पुढे जात राहणं, गटातल्या जाणत्यावर सगळं सोपवणं, दुसरा गट आधी उतरेल म्हणून घाई करणं. ताज्या बर्फाच्या दिवशी गोंडोलाच्या रांगेत हे सगळं मी स्वतः बघितलंय, माझ्यातसुद्धा.

यावर मामा जे बोलला ते त्याच्याच शब्दांत.

मामा: 4 ऑक्टोबर 2022. द्रौपदी का दांडा-2, 5,670 मीटर. माझ्या निमचा अॅडव्हान्स कोर्स वर चढत होता. शिखराच्या जवळ बर्फाची लादी सुटली आणि मुलांना घेऊन भेगेत गेली. एकोणतीस जण गेले. सविता कंसवाल तिथे प्रशिक्षक होती. त्याच वर्षी मे महिन्यात तिनं एव्हरेस्ट आणि मकालू सोळा दिवसांत केले होते. तिला बर्फ कळत नव्हता, तिथल्या प्रशिक्षकांना बर्फ कळत नव्हता, असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही.

भाची: मी तसं म्हणतच नाही. त्यांना कळत होता, म्हणूनच मला भीती वाटते. एवढ्या जाणत्या लोकांनाही जे बाहेरून दिसलं नाही, ते मी खड्डा खणून ओळखेन, या भरवशावर मला चौघींचे जीव लावायचे नाहीत.

या उत्तरापाशी मी स्वतः भाचीच्या बाजूला गेलो. अनुभवाची थोरवी आपल्याकडे मोठी आहे आणि असावी. सह्याद्रीत तर अनुभव रोखीत हिशेब देतो. मुरमाड घसाऱ्यावर पाय चुकीचा ठेवला की तिथल्या तिथे घसरतो, आणि पुढच्या वेळी माणूस तसा ठेवत नाही. बर्फाची लादी असा हिशेब देत नाही. ती चुकीकडे वर्षानुवर्षं काणाडोळा करते आणि मग एकदाच पकडते. सह्याद्रीवर घडलेली आपली सवय इथे उपयोगी नाही, उलट नडते.

पण मामाच्या पुढच्या मुद्द्यानं भाचीचा कागदही अपुरा ठरला.

मामा: तू तिसाच्या खाली राहणार. बरं. पण तुझ्या डोक्यावर काय आहे ते बघितलंस? हिमालयातलं खोरं म्हणजे तळाशी सपाटी आणि वर दीड-दोन हजार मीटर उतार. तू दहा अंशांवर तंबू लावशील, आणि वर सुटलेलं तुला न विचारता तिथे येईल. माणा आठव. 28 फेब्रुवारी 2025. बद्रीनाथच्या वर सीमा सडक संघटनेच्या कामावरची माणसं, चोपन्न जण. ती काही तीव्र उतारावर नव्हती. कंटेनरमध्ये होती. वरून आलं. आठ गेले.

भाची: चमोलीसाठी आदल्या संध्याकाळी इशारा निघाला होता ना?

मामा: निघाला होता. चमोली, उत्तरकाशी, रुद्रप्रयाग, पिथौरागड, बागेश्वर, पाच जिल्हे, 2,400 मीटरच्या वर. पण पाच जिल्ह्यांच्या इशाऱ्यातून ‘हाच कॅम्प खाली न्या’ हे कुणी काढायचं? ते काढायला त्या कॅम्पच्या वरची घळ वाचणारा माणूस लागतो. झाडी कुठे तासल्यासारखी मोडलीय, भूर्ज कुठे एकाच बाजूला वाकलेत, दगड-मातीचा ढीग पंख्यासारखा कुठे पसरलाय, हे बघणारा. कोन मोजणारं यंत्र हे सांगत नाही.

माणामधल्या सेहेचाळीस जणांना लष्कर आणि इतर दलांनी जिवंत बाहेर काढलं. धातूच्या कंटेनरमुळेही अनेकांना श्वास घ्यायला जागा राहिली. ते मजूर तिथे हौसेनं गेले नव्हते. तो रस्ता मोकळा ठेवणं हे त्यांचं पोटापाण्याचं काम होतं, आणि ‘आज नको’ म्हणायची सोय त्यांना नव्हती. आपल्यासारख्या हौशी माणसाला ती पुरेपूर असते. ज्याला ‘नको’ म्हणता येतं त्यानं ते न म्हणणं, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत न पटणारं वाटतं.

भाची: बरोबर आहे तुझं. कागदावर आणखी एक रकाना घालते: डोक्यावर काय आहे. प्रत्येक थांब्याला आणि जेवायला बसतो त्या जागेलाही.

मामा: आणि दुरून सुटणंही त्यात लिही. कमकुवत थर खाली पसरलेला असला तर सपाटीवर तुझा पाय पडतो आणि वरचा उतार सुटतो.

भाची: लिहिलं. आता तू माझं एक ऐक. खड्डा घे, थापट्या मार, काय बघायचं ते बघ. फक्त त्यातून ‘नको’ एवढंच उत्तर घ्यायचं. वाईट थर सापडला तर बेत रद्द. चांगले थर सापडले म्हणून घरी ठरवलेल्यापेक्षा तीव्र उतारावर जायचं नाही.

मामा: म्हणजे माझ्या फावड्याला नकाराधिकार, पण मत नाही.

भाची: हो.

मामा: हे मान्य करायला जड जातंय, पण फेब्रुवारीपुरतं मान्य.

मग बोलणं सामानावर आलं. बीकन (संकेत पाठवणारं आणि शोधणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकीच्या अंगावर, हे दोघांनाही मान्य. मामाला धास्ती होती ती सामानानं येणाऱ्या धिटाईची.

भाची: गाडलं गेलेलं माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघालं तर वाचायची शक्यता दहात नऊच्या आसपास असते. अर्ध्या तासानंतर ती तीनात एकावर येते. खालून मदत पोचायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे वाचवलं तर बरोबरच्यांनीच वाचवायचं. आणि थांबलेल्या हिमस्खलनातला बर्फ मऊ राहत नाही. तो बसतो आणि आवळतो. हातानं उकरता येत नाही, फावडं लागतंच. खोदायचंही सरळ वरून नाही, प्रोबच्या खालच्या अंगानं आत शिरायचं.

मामा: आणि बीकन बॅगेत पडून असला तर?

भाची: म्हणून सराव इथेच. त्याला बर्फ लागत नाही. एकीनं बीकन पिशवीत घालून मैदानावरच्या पालापाचोळ्यात लपवायचा, बाकीच्यांनी घड्याळ लावून शोधायचा. पहिल्या दिवशी आम्ही तिघी एकाच वेळी धावलो आणि एकीचा बीकन शोधाऐवजी पाठवण्यावरच राहिला होता. यंत्र तिच्याकडेच ओढत होतं. प्रत्यक्षात हे झालं असतं तर मौल्यवान मिनिटं तिथेच गेली असती.

मामा: रविवारी मला बोलाव. मी लपवतो.

कागदावरच्या एका ओळीवर दोघांचं ताबडतोब जमलं: चौघींपैकी एकीनं जरी ‘नको’ म्हटलं तरी सगळ्या फिरणार, आणि तिला कारण विचारायचं नाही. ही सूचना मामाची. मोहिमेत कारण विचारलं की माणूस वाद घालायला लागतो, आणि वादात बोलका जिंकतो, हे त्यानं पाहिलेलं आहे. परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवायचं भाचीनं मान्य केलं. सुट्टी संपत आली म्हणून शेवटच्या दिवशी उतारावर जाणारे गट दोघांनीही पाहिलेत.

जमलं नाही ते मार्चच्या बेतावर.

मामा: मार्चअखेर चल माझ्याबरोबर. तेव्हा बर्फ वाचता येतो, तू काहीही म्हण. दिवसा वितळलेला बर्फ रात्री आकाश मोकळं असलं की गोठून कडक होतो. पहाटे निघायचं, ऊन लागायच्या आत चढायचं, वरचा पापुद्रा जरासा मऊ झाला की उतरायचं. दहाच्या आत उतारावरून बाहेर. अशा दिवशी पस्तीस अंशांवर मी निर्धास्त जाईन.

भाची: रात्री ढग राहिले तर?

मामा: तर गोठत नाही. मग जायचं नाही.

भाची: अर्धी रात्र ढग आणि अर्धी मोकळी असेल तर?

मामा: पहाटे पाय रोवून बघायचा. बूट आत गेला तर परत.

भाची: तंबूजवळ बूट आत गेला नाही, आणि पाचशे मीटर वर, दगडांच्या कडेला गेला तर?

मामा: मग तिथून परत.

भाची: तिथे पस्तीस अंशांवर उभा असशील तू तेव्हा.

मामाकडे याचं उत्तर आहे, आणि तेही वजनदार आहे: वसंतातल्या बर्फात थरांचे भेद बरेचसे मिटलेले असतात, धोका मुख्यतः पाण्याचा आणि वेळेचा उरतो, आणि वेळ घड्याळात दिसते. भाचीला हे तत्त्व पटतं. पण पीर पंजाल ही हिमालयाच्या रांगांमधली उबदार, ओलसर रांग. तिथे मार्चमध्येही ताजा बर्फ पडतो, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून मोजावं लागतं, हे ती सोडायला तयार नाही. फेब्रुवारीत ती तिसाच्या खालीच राहणार आहे. मार्चसाठी मामानं दोन वाटा काढून ठेवल्यात, एक पस्तीसची, एक पंचविसाची. कुठल्या वाटेचा नकाशा छापून घ्यायचा, यावर अजून बोलणं चालू आहे.